समोरच्या काकूंचा चेहरा का पडला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको यंदाच नवीन सोसायटीत राहायला आले. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी समोरच्या काकू बेल वाजवून सुक्या मेव्याचा बॉक्स देऊन गेल्या, यांच्याकडे परत द्यायला काहीच नव्हतं, म्हणून नवऱ्याला पळवलं, नाक्यावरनं मिठाईचा बॉक्स आणला आणि तासाभरात काकूंच्या हातात ठेवला. काकू "अगं कशाला" म्हणाल्या पण चेहरा पडला, तेव्हापासून लिफ्टमधे भेटल्या तरी जेवढ्यास तेवढं बोलतात. आमचं काय चुकलं, आणि पुढच्या वर्षी आपणच आधी जाऊन कोणाला अचानक काही द्यावं का?

मी डोंबिवलीत सुक्या मेव्याचं आणि गिफ्ट बॉक्सचं दुकान चालवते, २६ वर्षं झाली, आधी सासरे बसायचे मग मी आणि मिस्टर. दिवाळीचे पंधरा दिवस आमच्या काउंटरवर माणसाचा जो स्वभाव दिसतो ना तो वर्षभर दिसत नाही. तुझ्या नवऱ्यासारखे लोक मी दर वर्षी डझनाने बघते. रात्री पावणेनऊला चप्पल घालून घामाघूम येतात आणि म्हणतात, "काकू काहीतरी द्या, पाचशेच्या आसपास, दिसायला मोठं पाहिजे." कोणासाठी विचारलं की म्हणतात शेजारी आत्ता देऊन गेलेत. मी त्यांना हल्ली सरळ सांगते की आज नका नेऊ, घरी जा, फराळ करा. मिस्टर चिडतात, म्हणतात गिऱ्हाईक परत पाठवतेस. पण त्यातले निम्मे तरी चार दिवसांनी येऊन नीट विचार करून घेतात.

आता तुझं काय चुकलं ते. तू वाईट काहीच केलं नाहीस, पण काकूंनी गिफ्ट दिलं आणि तू बिल भरलंस. तासाभरात परत दिलं की समोरच्याला असं वाटतं की यांना आपलं काही घरात ठेवून घ्यायचं नाहीये, हिशोब मिटवून टाकायचाय. वरनं तुम्ही दुकानातनं विकत आणलेला बॉक्स दिलात, म्हणजे काकूंना हेही कळलं की त्यांच्यामुळे सणाच्या दिवशी तुमच्या नवऱ्याला धावपळ झाली. त्या बिचाऱ्या नवीन शेजारी आलेत, ओळख व्हावी म्हणून आल्या असणार. त्यांना बॉक्स नको होता, "या ना आत, बसा पाच मिनिटं" हवं होतं. तू लिहिलंयस त्यात त्यांना आत बोलावल्याचं कुठे दिसत नाही, म्हणून म्हणते.

आमच्या आईकडे गिरगावातल्या चाळीत ही गोष्ट कोणाला शिकवावी लागायची नाही कारण ताटंच फिरत असायची. लक्ष्मीपूजन झालं की आई स्टीलच्या ताटात दोन चकल्या, एक करंजी, वाटीभर चिवडा, एक बेसनाचा लाडू, शंकरपाळी असं लावायची, वर क्रोशाचा विणलेला रुमाल, आणि आम्ही पोरं चार बिऱ्हाडांत पोचवून यायचो. ताटाच्या मागे नाव कोरलेलं असायचं, आजोबांचं, त्यामुळे ताट हरवायचं नाही. आणि ताट कधी लगेच परत यायचं नाही. ज्यांच्या घरचं तळण व्हायचं असेल ते दोन दिवसांनी स्वतःचा फराळ घालून पाठवायचे, ज्यांना जमलं नाही ते घासून ठेवायचे आणि पुढे कधीतरी त्यात कैऱ्या यायच्या, नाहीतर सत्यनारायणाचा प्रसाद. अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर घालून, कारण रिकामं भांडं परत करू नये एवढं सगळ्यांना पक्कं माहीत. म्हणजे बघ, परत द्यायचं हे ठरलेलंच होतं, पण कधी आणि किती याची मोकळीक होती. एकाचं ताट कायम दुसऱ्याच्या घरात, त्यामुळे जाणं-येणं चालू. आता ताटं गेली आणि पुठ्ठ्याचे बॉक्स आले, बॉक्स कोणी परत मागत नाही, म्हणून लोकांना वाटायला लागलं की किमतीची किंमत ताबडतोब परत केली पाहिजे.

माझी एक मैत्रीण आहे, मूळची मडगावकडची, कॅथलिक, आमच्या मागच्याच गल्लीत तीस वर्षं राहते. ख्रिसमसला तिच्याकडनं ट्रे येतो, त्यात कुलकुल, नेवऱ्या (आपल्या करंजीची सख्खी बहीण), दोदोल आणि बिबिंकचा एक तुकडा. गोव्यात याला कोन्सोआदा म्हणतात, नाताळात शेजारीपाजारी, हिंदू असोत की कोणी, घराघरांत पाठवायचा आणि मग गणपतीला, दिवाळीला उलट्या बाजूने ताटं यायची. तिने पहिल्यांदा ट्रे आणला तेव्हा मीही तुझ्यासारखीच गडबडले, दुकान घरचं, उचलून एक बॉक्स तिच्या हातात द्यायला निघाले तर सासूबाई आतून म्हणाल्या, "राहू दे, संक्रांत येतेच आहे." तो ट्रे तीन आठवडे आमच्या ओट्यावर उभा होता. १४ जानेवारीला त्यात तिळाचे लाडू आणि गुळाची पोळी घालून मी गेले, दोन तास बसले तिच्याकडे. तेव्हापासून हेच चालू आहे. तिचा ट्रे डिसेंबर ते जानेवारी आमच्याकडे आणि आमचा डबा दिवाळी ते नाताळ तिच्याकडे. एक वर्षी तिचं ऑपरेशन झालं, ट्रे आला नाही, मी तरी लाडू नेले, त्याची कोणी नोंद ठेवली नाही.

त्यामुळे अचानक कोणी काही दिलं तर पहिली गोष्ट, दारात "अय्यो आम्ही तर काहीच नाही आणलं" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. हे वाक्य ऐकलं की देणाऱ्यालाच चोरी केल्यासारखं होतं. दोन्ही हातांनी घ्या, आत बोलवा, पाणी द्या, फराळाची डिश समोर ठेवा. घरात फराळ झाला नसेल तर चहा-बिस्किटं ठेवा, पण बसवा. लहान पोर घेऊन आल्या असतील तर त्याच्या हातात चॉकलेट द्या. झालं, त्या दिवसापुरतं तेवढं पुरे. बॉक्स समोर फोडायचा का हा प्रश्न मला लोक फार विचारतात. आपल्याकडे पूर्वीपासून पाकीट, आहेर पाहुण्यांसमोर उघडत नाहीत, लोभी दिसतं म्हणून. पण खायची वस्तू असेल आणि माणूस बसलेला असेल तर मी तरी फोडते आणि त्यातलंच वाटीत काढून समोर ठेवते. देणाऱ्याला फार बरं वाटतं आणि दुसरा फायदा म्हणजे तो बॉक्स पुढे कोणाला ढकलायचा मोह राहत नाही.

पुढे ढकलण्याचं निघालंच आहे तर सांगून टाकते. आम्ही दुकानात बॉक्स भरला की तळाला पेन्सिलने बारीक आकडा टाकतो, कुठल्या दिवशी भरला ते आम्हाला कळावं म्हणून. एका वर्षी पाडव्याला मिस्टरांचे एक लांबचे भाऊ आले, मोठा लाल मखमली बॉक्स घेऊन. ते गेल्यावर मी उलटा केला तर आमचाच आकडा, अकरा दिवसांपूर्वीचा. आत उघडलं तर ट्रेखाली चिठ्ठी, आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना त्यांच्या पेशंटने लिहिलेली, "गुडघ्याचं दुखणं थांबलं, आभारी आहे". म्हणजे पेशंटने आमच्याकडून घेतला, डॉक्टरांना दिला, डॉक्टरांनी कोणाला दिला, त्यांनी या भावांना, आणि भावांनी आम्हाला. चार घरं फिरून स्वगृही. आम्ही हसून हसून मेलो, पण त्या पेशंटच्या चिठ्ठीचं मला वाईट वाटलं, डॉक्टरांनी वाचलीच नव्हती ना.

मी पुढे देण्याच्या विरोधात नाहीये हं. सहा बॉक्स आले आणि घरात दोन माणसं, तर काय करणार, अन्न वाया घालवण्यापेक्षा दिलेलं बरं. फक्त उघडून ट्रे उचलून बघा, चिठ्ठी, पाकीट, नाव लिहिलेलं स्टिकर काही आहे का, तारीख बघा, आणि ज्या गोतावळ्यातून आलं त्यात परत सोडू नका. ऑफिसचं आलेलं माहेरी, माहेरचं आलेलं सोसायटीत, असं. आणि मिठाई असेल तर पुढे द्यायच्या भानगडीत पडूच नका, ती प्रवासाची वस्तू नाही. कलाकंद त्याच दिवसाचा, रसगुल्ला वगैरे बंगाली प्रकार दोन दिवस, खव्याचे पेढे-बर्फी चारेक दिवस. बेसनाचा लाडू मात्र महिनाभर टिकतो. २०२० च्या १ ऑक्टोबरपासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर सुद्धा कधीपर्यंत खायची ती तारीख लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे, पण बॉक्समधे भरून दिली की ती तारीख दुकानातच राहते, तुमच्या हातात येते ती नुसती चांदीचा वर्ख लावलेली बर्फी. म्हणून तुझ्या नवऱ्याने नाक्यावरनं घाईत आणलेली मिठाई कधीची होती देव जाणे, आणि काकूंच्या घरी शुगर कोणाला आहे हेही माहीत नव्हतं तुम्हाला.

आता आपण स्वतःहून देण्याबद्दल. द्यावं, जरूर द्यावं, पण कधी द्यावं यात सगळी गंमत आहे. धनत्रयोदशी ते भाऊबीज प्रत्येकाच्या घरात डबे भरलेले असतात, तुमचा चिवडा सातवा असतो, त्याची चव कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन वेळा अशा आहेत की दिलेलं लागतं. एक वसुबारसेच्या आधी, जेव्हा घरोघरी बायका तळणाला भिडलेल्या असतात आणि रात्रीच्या जेवणाला कोणाला पोळ्या लाटायची ताकद नसते, तेव्हा कोणी डबाभर मसालेभात आणून दिला तर ती बाई जन्मभर नाव काढेल तुमचं. आणि दुसरी, दिवाळी संपून आठ-दहा दिवसांनी, फराळाचे डबे तळाला गेलेले असतात, चिवड्यात नुसते शेंगदाणे-डाळं उरलेलं असतं, तेव्हा ताज्या कडबोळ्या घेऊन जा.

पण खरं अचानक द्यायचं घर कुठलं असेल तर ज्यांच्याकडे वर्षभरात कोणी गेलेलं आहे ते. आपल्याकडे पहिली दिवाळी त्या घरात तळण करत नाहीत, कंदील लावायलाही मन होत नाही, आणि फराळ शेजाऱ्यांनी, भावकीने नेऊन द्यायचा ही जुनी रीत. आता फ्लॅट सिस्टीममधे कोणाला कळतच नाही, कळलं तरी लोक बिचकतात, म्हणतात त्यांना दुःख आहे आपण काय गोड घेऊन जायचं. अगं म्हणूनच तर न्यायचं. माझे सासरे गेले त्या वर्षी दुकान चालू होतं, दिवसभर लोकांना शुभ दिवाळीचे बॉक्स भरून देत होते मी, आणि घरी ओटा थंड. नरक चतुर्दशीला पहाटे साडेपाचला दार वाजलं, तळमजल्यावरच्या आजी, पंचाहत्तरीच्या असतील, एका हाताने कठडा धरत तीन जिने चढून आलेल्या. पदराखाली डबा. म्हणाल्या, "पोरांना आंघोळ घाल, उटणं ठेवलंय वर, आणि मला काही परत द्यायचं नाही यंदा, रिकामा डबाच दे." बघ म्हणजे, ज्या बाईने जन्मात रिकामं भांडं परत घेतलं नसेल तिने स्वतः तो नियम मोडून दिला, कारण त्या वर्षी आमच्याकडनं परतफेड व्हायची नव्हती हे तिला कळत होतं. डब्यात चकल्या होत्या, थोड्या कडक झालेल्या. पोरं अजून त्या चकल्यांचं नाव काढतात.

काय द्यावं म्हणशील तर दुकानदार असून सांगते, आमचे मोठे बॉक्स नको. त्यात काय असतं ते एकदा नीट समजून घे. बाहेरून हातभर लांब दिसणारा बॉक्स, आत प्लॅस्टिकचा ट्रे, त्याला चार खण, खण वर रुंद आणि खाली उतरता, वर पारदर्शक कागद ताणून लावलेला. एका खणात ५० ग्रॅम माल मावतो, म्हणजे सगळा मिळून २०० ग्रॅम, आणि ट्रेच्या खाली चार बोटं रिकामी जागा. बऱ्याच वेळा बॉक्सचीच किंमत आतल्या मनुकांपेक्षा जास्त असते. काजू घेताना नंबर विचारायचा, नंबर म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममधे, किती नग बसतात तो आकडा. २४० नंबर मोठा, ३२० मध्यम आणि बाजारात सगळ्यात जास्त चालतो, ४५० बारीक. म्हणजे आकडा वाढला की काजू लहान, लोक उलटं समजतात आणि ४५० भारीतला म्हणून खुशीत घेऊन जातात. चकचकीत बॉक्समधे वरच्या थराला २४० आणि खाली पाकळी भरणारेही आहेत आमच्या धंद्यात, नाकारत नाही. त्यापेक्षा पाव किलो चांगला ३२० काजू साध्या काचेच्या बरणीत भरून दे, बरणी राहते, काजू खाल्ले जातात.

आणि अचानक देताना वस्तू अशी पाहिजे की ती घेणाऱ्याला परतफेडीचं टेन्शन येणार नाही. घरची असेल तर उत्तम, कारण घरच्या कडबोळ्यांना एमआरपी नसते, समोरचा मनात आकडा लावू शकत नाही. विकतचं असेल तर शे-दोनशेच्या आत ठेव. उटण्याची पुडी, चार रंगवलेल्या पणत्या, तुळशीचं रोप. मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते दिवाळी अंक देणं. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने सुरुवात केली तेव्हापासून मराठी घरात दिवाळीला अंक येतोय, आणि अंकाची मजा अशी की तो वाचून परत देता येतो, किंवा बदलून दुसरा आणता येतो. म्हणजे परत तेच, ताटासारखं जाणं-येणं. काचेची भांडी, देवांच्या मूर्ती, घड्याळं यांच्या वाटेला जाऊ नकोस. मूर्ती तर टाकताही येत नाही आणि ठेवायला जागाही नाही, आमच्या माळ्यावर नऊ गणपती आहेत, त्यातल्या एकालाही बाहेर काढायची माझी हिंमत नाही.

सोसायटीत देताना शेजार बघून द्यायचं. जैन कुटुंब असेल तर चिवड्यात लसूण नको, केकमधे अंडं आहे का सांगायचं, आजोबांना शुगर असेल तर लाडवांऐवजी खारी शंकरपाळी. हे सगळं आधी माहीत असतं तर मग ते अचानक कसलं म्हणशील, पण बरोबर माणसाला बरोबर वस्तू मिळाली की तेच खरं अचानक वाटतं त्याला, की अरे यांच्या लक्षात होतं.

एक घोळ लोक हमखास करतात तो म्हणजे पोस्त आणि गिफ्ट एकत्र करतात. वॉचमन, कचरा नेणारा, पोस्टमन, घरकामाच्या ताई, यांना दिवाळीला जे द्यायचं ते पोस्त, त्यात अचानक काही नाही, ते वर्षभराच्या कामाचं ठरलेलं देणं आहे आणि ते रोख द्यायचं, पाकिटात घालून, आणि धनत्रयोदशीच्या आधी द्यायचं म्हणजे त्यांना त्यांच्या पोरांचे कपडे घेता येतात. भाऊबीज झाल्यावर दिलेलं पोस्त म्हणजे वरातीमागून घोडं. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना एका वर्षी पाच घरांनी पोस्ताऐवजी सोनपापडीचे पाच डबे दिले, पाचही घरांना वाटलं आपण सरप्राईज दिलं. मावशी दुकानात घेऊन आल्या, म्हणाल्या, "ताई हे घ्या आणि जमेल ते द्या." आम्ही विकलेला माल परत घेत नाही आणि ते डबे तर आमच्याकडचे पण नव्हते. घेतले. त्या दिवशी मिस्टरही काही बोलले नाहीत. वरनं आणखी काही द्यायचं असेल तर साडी द्या, भांडं द्या, पण पाकीट देऊन झाल्यावर.

उलटी बाजू पण आहे, म्हणजे गिफ्ट नको वाटावं असं आलं तर. कधी कधी माणूस ओळखीचा कमी आणि बॉक्स भारी असं होतं, फराळाच्या खाली चांदीचं नाणं, नाहीतर पाकीट. तुमच्या घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर हे गमतीने घ्यायचं नाही. राज्याच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत आणि ज्याचं काम तुमच्या टेबलावर आहे त्याच्याकडून भेटी घेणं त्यात बसत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमधे तर केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने पत्रकच काढलं की मंत्रालयांनी, सरकारी कंपन्यांनी दिवाळीच्या भेटवस्तूंवर सरकारी पैसा खर्च करायचा नाही. इन्कम टॅक्सचंही एक लक्षात ठेव, नातेवाईक सोडून बाकीच्यांकडून वर्षात मिळालेली रोख रक्कम ५०,००० च्या वर गेली की वरचेच नाही, सगळेच पैसे उत्पन्नात धरतात. दागिन्यांनाही तसाच नियम आहे. चिवड्याला नाही, घाबरू नकोस.

नको असलेलं परत कसं करायचं तर दारातच, हसून, आणि खायचं तेवढं ठेवून घेऊन. "फराळ ठेवते, तो नाकारला तर लक्ष्मी रागवेल, पण हे पाकीट घेऊन जा, ह्यांच्या ऑफिसात चालत नाही." ऑफिसवर ढकलायचं, माणसावर काही येऊ द्यायचं नाही. एकदा घरात आलेली वस्तू आठ दिवसांनी परत पाठवली की मात्र भांडण होतं. माझ्या नणंदेने हे केलंय, तिच्या सोसायटीच्या रंगाचं काम मिळालेल्या माणसाने सेक्रेटरीची बायको म्हणून तिला पैठणी पाठवली होती, तिने आठवडाभर कपाटात ठेवून विचार केला आणि मग परत दिली, तोवर त्याने चार लोकांना सांगून झालं होतं की वहिनींना साडी आवडली.

बरं आता तुझ्या काकू. हे दुरुस्त होण्यासारखं आहे. मुद्दाम सॉरी बिरी म्हणायला जाऊ नकोस, त्याने दोघींनाही अवघडल्यासारखं होईल. तुळशीचं लग्न येईल, कार्तिकी द्वादशीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कधीही लावतात, तू कुंडीतल्या तुळशीचं का होईना पण लाव, ऊस, चिंच, बोरं, आवळा, चुरमुरे, आणि काकूंना आदल्या दिवशी जाऊन विचार की मला मंगलाष्टकं येत नाहीत, तुम्ही याल का म्हणायला. त्यांच्याकडे काही न नेता जा. हे महत्त्वाचं आहे, मोकळ्या हाताने जा आणि त्यांच्याकडे काहीतरी माग. मागितल्यावर माणूस जेवढा जवळ येतो तेवढा दिल्यावर येत नाही, निदान आमच्या पिढीतल्या बायका तरी. त्या आल्या की जाताना प्रसाद द्यायचा, पण पुडीत नाही, डब्यात घालून दे, स्टीलच्या, चांगल्या. तो डबा कधी परत येतो ते बघत बसू नकोस.

आणि त्यांनी दिलेला सुका मेव्याचा बॉक्स अजून तसाच शोकेसमधे असेल तर आज फोड. पारदर्शक कागदाखाली काजू मऊ पडतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत अंजिराला कीड लवकर लागते. कोरड्या डब्यात काढ, फ्रिजमधे खालच्या कप्प्यात ठेव, बदाम बाहेर राहिले तरी चालतील. तुळशीच्या लग्नाला काकू येतील तेव्हा त्यातलेच वाटीत काढून समोर ठेव, त्या ओळखतील.